सहाव्या टाकीतली मादी

सरोवराकाठच्या न्खाटा बे गावातल्या मासे केंद्रात योटामू म्फांडे सव्वीस वर्षं टाक्या सांभाळत होता. सरोवरातल्या प्रत्येक खडकाचा मासा वेगळा. मधे शंभर हात वाळू असली तरी हे मासे ती ओलांडत नाहीत. एका खडकावरचे नर नुसते निळे, तर पलीकडच्यांच्या पाठीवर पिवळा पट्टा. तरुणपणी बुड्या मारून योटामूनेच ते धरून आणले होते, आणि टाक्यांवर खडकांची नावंही त्याच्याच हातची होती.

खडकाबाहेरची सोयरीक त्याला माशांत खपत नसे आणि माणसांतही. मुलगा ग्रिफिन जोहान्सबर्गला कामाला गेला आणि तिथल्या झुलू मुलीशी लग्न करून मोकळा झाला. तेव्हा हा शहाणा बाप फोनवर म्हणाला, "तुझी पोरं ना इकडची होणार, ना तिकडची." त्याला अकरा वर्षं झाली. ग्रिफिनचा फोन पुन्हा आला नाही, आणि यानेही हट्टाने केला नाही. त्याची बायको, एनाला नाव तिचं, नातवंडांची तोंडं न बघताच गेली. तेव्हापासून योटामू एकटाच कसावा कंदाच्या पिठाचा गोळा शिजवायचा आणि एकटाच खायचा.

सहाव्या टाकीत चिन्यांगा खडकाची जोडी होती. तो खडक रस्त्याच्या कामाच्या मातीखाली गाडला गेला होता, त्यामुळे त्या जातीचं सरोवरात आता कुणीच उरलं नव्हतं. मार्चमध्ये नर मेला. मादी दिवसभर काचेला नाक लावून असायची.

केंद्राचं संशोधन बघणाऱ्या डॉक्टर तमांडा बाईंनी झोंबाहून फोनवर बजावलं, "दुसरा नर सोडायचा नाही, बाबा. मी येऊन तिच्या पराचा तुकडा तपासायला घेते. वंशाची नोंद तरी राहील."

"बरं," योटामू म्हणाला.

महिनाभर त्याने ते नाक पाहिलं. मग एका दुपारी पाचव्या टाकीतला निळा नर उचलून सहाव्यात सोडला. चार दिवस मादीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या पाठीवर चिन्यांगाच्या नरांसारखा पिवळा पट्टा नव्हता ना. योटामूने घरून एनालाचं कमरेला गुंडाळायचं नारिंगी चितेंजे आणलं आणि खिडकीवर टांगलं. ती गेल्यापासून त्याने त्या कापडाची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्या उजेडात निळं काय नि पिवळं काय, सगळं सारखंच मळकट दिसायला लागलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मादीची हनुवटी फुगली आणि तिने खाणं सोडलं. या जातीची आई अंडी तोंडात धरते, आणि पिल्लं होईपर्यंत घास घेत नाही. योटामूने नर परत पाचव्यात नेला आणि चितेंजे घरी नेऊन ठेवलं. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं.

अंडी धरल्याच्या नवव्या दिवशी डॉक्टर बाई आल्या आणि जाळी घेऊन थेट सहाव्या टाकीशी गेल्या. आता योटामू गप्प बसला, तर मादी घाबरून सगळं गिळणार होती.

"तिला धरू नका, बाई. तोंडात पोरं आहेत."

बाई वळल्या. "कुणाची?"

"पाचव्यातल्याची. मीच सोडला."

"सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून हेच सांभाळलंत ना, बाबा? हिच्याबरोबर चिन्यांगा संपला. ही पिल्लं ना या खडकाची, ना त्या खडकाची."

योटामू स्टुलावर बसला. "असंच बोललो होतो मी एकदा."

"कुणाला?"

"पोराला."

बाईंनी जाळी पिशवीत घातली. "पुढच्या महिन्यात येते," म्हणाल्या. "टाकीवरचं नाव मात्र पुसा."

नाव पुसून झाल्यावर योटामूने ग्रिफिनचा जुना नंबर लावला. कुणी अनोळखी बाई झुलूत बोलली. ग्रिफिनचं नाव तिच्या ओळखीचं नव्हतं; नंबर आता तिचा होता. त्याने आपल्या टोंगा भाषेत माफी मागितली. तिला ती कळली नाही आणि तिने फोन ठेवला.

एकविसाव्या दिवशी मादीने तोंड उघडलं. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं बाहेर पडली. किती आहेत ते मोजायला योटामू काचेपाशी वाकला, तशी त्याच्या सावलीला घाबरून सगळी पुन्हा आईच्या तोंडात शिरली. तो श्वास रोखून थांबला, पण एकही बाहेर येईना.

शेवटी त्याने स्टूल उचललं आणि पार दारापाशी जाऊन बसला. तिथून त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पिल्लं दिसत नव्हती. पण आता ती बाहेर आली असणार, एवढं त्याला ठाऊक होतं.