मास्तरांनी राखलेली बरोबरी

सोमवारी सकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मास्तर तीन नंबरच्या पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात उभे होते. डोक्यावर बस, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताची बोटं ब्रेकच्या ड्रमला लावलेली. वर ड्रायव्हर पेडल दाबत होता आणि खालून मास्तर ओरडत होते, "दाब. सोड. परत दाब. काय वाटतंय पायाला?"

"थोडं खोल जातंय, मास्तर."

डावीकडचं मागचं चाक अर्धा क्षण उशिरा धरत होतं. मास्तर वर आले आणि त्यांनी काचेवर खडूने फुली मारली. ही गाडी आज बाहेर पडणार नव्हती.

बस डेपोत ब्रेक तपासण्याचं काम ते बत्तीस वर्षं करत आहेत. 'मास्तर' हे नाव शाळेतून आलेलं नाही, डेपोच्या फुटबॉल संघातून आलेलं आहे. एकोणीस वर्षं ते या संघाचे प्रशिक्षक आहेत, आणि शनिवारी हा संघ त्यांच्यामुळे खालच्या गटात गेला होता. दुपारी साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत सगळे टायरच्या शेडमध्ये जमणार होते. मास्तरांच्या खिशात प्रशिक्षकपद सोडत असल्याचं चार ओळींचं पत्र होतं.

पहाटे निघताना बायकोने डबा हातात देत विचारलं होतं, "अहो, त्या पत्रात तीन वेळा 'कृपया' लिहिलंय. सोडताय की मागताय?"

"तू वाचलंस?"

"टेबलावर उघडं पडलं होतं. समोरचं न दिसायला मी काय रेफरी आहे?"

मास्तरांना हसू आलं नाही, पण गेटपर्यंत चालताना जरा हलकं वाटलं. शनिवारपासून त्यांच्याशी कोणी थट्टेने बोललंच नव्हतं. रविवारी तर शेजारीसुद्धा आजारी माणसाला विचारावं तसं "बरं आहे ना?" म्हणून गेले होते.

मास्तरांचा एक नियम संघात सगळ्यांना पाठ आहे. पाय चुकला तर ते एक शब्द बोलत नाहीत. फटका बारवरून गेला, पास लांब पडला, धावताना घसरला, सगळं माफ. त्यांच्या डोक्यात तिडीक जाते ती डोकं चुकल्यावर. रेफरीने शिट्टी वाजवायच्या आधीच हात वर करून उभा राहणारा बचावपटू. गोल झाल्यावर पुढची पाच मिनिटं स्वतःच्याच कौतुकात तरंगणारी मधली फळी. एक पिवळं कार्ड खिशात असताना रागाने चेंडू लांब लाथाडणारा. सुंदर झेप घेऊन चेंडू अडवल्यावर तो उचलायचं सोडून प्रेक्षकांकडे बघणारा गोलकीपर. अशांना ते म्हणतात, "आज डोकं घरी चार्जिंगला लावून आलास का?"

मग सोमवारी शेडमध्ये त्या खेळाडूने उभं राहून आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. अट एकच: 'पण' म्हणायचं नाही. 'पण' निघालं की आठवडाभर चेंडूंची पिशवी त्याच्या खांद्यावर.

ही पद्धत मास्तरांची नव्हे, पेंटरांची. पेंटर म्हणजे डेपोच्या गाड्या रंगवणारे आणि मास्तरांच्या आधीचे प्रशिक्षक. मास्तर तेव्हा तेवीस वर्षांचे होते, बचावफळीत खेळत. एका सामन्यात त्यांनी मागे न बघता चेंडू आपल्याच गोलकीपरकडे ढकलला. गोलकीपर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. चेंडू त्याच्या शेजारून, कसलीही घाई न करता, जाळीत गेला. त्या एका गोलाने सामना गेला. सोमवारी पेंटरांनी त्यांना उभं केलं.

"काय झालं ते सांग."

"मी मागे न बघता पास दिला, पण..."

"पणच्या पुढचं मला ऐकू येत नाही. बस खाली."

त्यांना वाटलं, आता आपण संघाबाहेर. पुढच्या सामन्याची यादी लागली तेव्हा पहिलं नाव त्यांचंच होतं. कागदाच्या कोपऱ्यावर पेंटरांच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता. तो कागद आपण जपून ठेवला नाही, याची चुटपुट मास्तरांना अजून आहे. त्या एका यादीमुळे आपण फुटबॉलमध्ये राहिलो, असं ते सांगतात.

आता शनिवारचं.

गटात तळाला दोन संघ होते, डेपोचा आणि छापखान्याचा. एक टिकणार, एक खाली जाणार. डेपोचे सतरा गुण, छापखान्याचे सोळा. छापखान्याचा शेवटचा सामना बुधवारी होता. मास्तर तो बघायला गेले. मध्यंतराला शून्य-शून्य होतं. मास्तरांची दुसरी पाळी होती, ते उठून कामावर आले. त्यांच्या डोक्यात तो सामना तिथेच संपला, बरोबरीत. म्हणजे छापखान्याचे सतरा झाले. म्हणजे शनिवारी आपण हरलो नाही की झालं, एका गुणाची बरोबरी पुरे. हिशेब चोख होता. फक्त उत्तरार्ध त्यात नव्हता, आणि उत्तरार्धात छापखान्याने गोल मारून सामना जिंकला होता. त्यांचे एकोणीस झाले होते. डेपोला बरोबरी नाही, विजय हवा होता.

शनिवारी अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला एक-एक अशी स्थिती होती. डेपोचा गोल मारला होता तो कंडक्टरने. पुढे खेळणारा, संघातला एकमेव हमखास गोल करणारा. मास्तरांनी त्यालाच बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी एक बचावपटू पाठवला.

"मास्तर, मला?" कंडक्टर रेषेवर येऊन थबकला.

"बस तू. बरोबरी पुरे."

कंडक्टरने तोंड उघडलं, मिटलं आणि तो बाकावर जाऊन बसला. पुढची बारा मिनिटं डेपोच्या खेळाडूंनी सांगितल्याप्रमाणे चेंडू कोपऱ्यात नेऊन दाबून धरला. मास्तर रेषेवरून ओरडत होते, "घाई नको! तिथेच ठेवा!" शेवटची शिट्टी झाली तेव्हा ते दोन्ही हात वर करून मैदानात धावले आणि पहिला जो खेळाडू समोर आला त्याला त्यांनी मिठी मारली. तो लाकडासारखा ताठ उभा राहिला. समोरच्या संघाचे प्रशिक्षक हस्तांदोलनाला आले आणि गोंधळून म्हणाले, "तुम्हाला तर जिंकायचं होतं ना?"

मास्तरांचे हात वरून खाली यायला किती वेळ लागला, हे संघातला प्रत्येकजण वेगवेगळं सांगतो.

सोमवारी साडेबाराला शेडमध्ये सतराच्या सतरा जण आले. कोणी टायरवर बसलं, कोणी टेकून उभं राहिलं. डबे बंदच होते. मास्तर मधोमध उभे राहिले.

"छापखान्याचा सामना मी अर्धा बघितला," ते म्हणाले. "शेवट काय झाला, कोणाला विचारलं नाही. बरोबरी पुरे असं धरून चाललो. जिंकायची गरज असताना गोल मारणाऱ्याला बाहेर काढलं. चूक माझी."

एकही 'पण' नव्हता. त्यांनी खिशाकडे हात नेला.

"थांबा मास्तर," टाइमकीपर म्हणाला. टाइमकीपर संघाचा गोलकीपर आणि कप्तान. एरवी गाड्या सुटण्या-येण्याच्या वेळांची नोंद ठेवणारा आणि कामापुरतं बोलणारा माणूस. "तुमचं एक राहिलं. गुरुवारी मी तुम्हाला सांगितलं होतं, छापखाना एक-शून्य जिंकला. तुम्ही पिटमध्ये होतात. 'हं' म्हणालात."

मास्तरांना काहीच आठवेना. गुरुवारी एका गाडीची हवा गळत होती, एवढं आठवत होतं.

"आता माझं," टाइमकीपर पुढे म्हणाला. "मैदानात मला माहीत होतं. मी ओरडलो नाही."

"का?"

"मागच्या वर्षी ओरडलो होतो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, गोलकीपरने गोल सांभाळावा. आणि दोन सामने बाकावर बसवलंत."

हे मात्र मास्तरांना लख्ख आठवत होतं. त्यांनी शेडभर नजर फिरवली. "आणखी कोणाकोणाला माहीत होतं?"

एक हात वर झाला. मग दुसरा. टाइमकीपर धरून सात झाले. सातवा कंडक्टरचा.

"तू तर माझ्या अंगावरून बाहेर गेलास!"

"गेलो ना. म्हणणार होतो. मग वाटलं, एवढी वर्षं हे करतायत, यांना आपल्यापेक्षा काहीतरी जास्त ठाऊक असेल."

वरचा ड्रायव्हर गप्प राहिला तर मास्तर गाडी सोडत नाहीत. इथे सात माणसं गप्प राहिली होती आणि त्यांना गप्प बसायला मास्तरांनीच शिकवलं होतं. शनिवारची चूक बारा मिनिटांची होती, ही कितीतरी जुनी. मास्तर टायरवर बसले. अंग गळून जायला हवं होतं, तसं झालं नाही. पेंटर गेल्यापासून त्यांची चूक त्यांच्या तोंडावर कोणी सांगितली नव्हती. त्यांना वाटलं, या माणसांना मी संपलोच असं वाटलं असतं, तर हे कशाला सांगत बसले असते?

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले आणि पत्र पुढे केलं. "हे घ्या."

टाइमकीपरने पत्र घेतलं, उघडलं नाही. "सोडताय? मग येणार कोण? ऑफिसातला क्लार्क?"

"तो?" मागून कोणीतरी म्हणालं. "त्याला ऑफसाइड हा रजेचा प्रकार वाटतो!"

शेड हसली. शनिवारनंतर पहिल्यांदाच. मग दहा मिनिटं सगळे एकदम बोलले आणि ठरलं ते असं: मास्तर राहतील. शेवटच्या पंधरा मिनिटांत कप्तानाला विचारल्याशिवाय खेळाडू बदलणार नाहीत. मैदानातून ओरडणाऱ्याला बाकावर बसवणार नाहीत. मास्तरांनी तिन्हीला मान डोलावली.

कंडक्टर मात्र डबा उचलून उभा राहिला. "तुमचं चालू द्या. उद्या सकाळी माझी पाच पन्नासची गाडी आहे. सरावाला मला जमणार नाही."

मंगळवारची ती गाडी तो दर आठवड्याला बदलून घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी घेतली नव्हती. त्याच्याशिवाय संघात गोल मारणारा कोणी नाही, आणि तो गेला तर त्याच्या जोडीचे आणखी दोघे-तिघे जातील. मास्तर त्याला थांबवायला उठले नाहीत. रागवायचा त्याला हक्क होता.

दोन वाजता पाळी संपल्यावर हात धुऊन मास्तर टाइमकीपरच्या खिडकीपाशी गेले. आभार मानणं त्यांना फारसं येत नाही.

"गुरुवारी सांगितलंस, त्याबद्दल," ते खिडकीत वाकून म्हणाले. "आणि आज सांगितलंस, त्याबद्दलही. फार बरं केलंस."

"हं," टाइमकीपर म्हणाला आणि त्याने ड्युटीचा तक्ता त्यांच्याकडे वळवला. एका ओळीवर काट मारून शेजारी नवी वेळ लिहिली होती. "दीड वाजता येऊन गेला. उशिराची गाडी द्या म्हणाला. कारण विचारलं, तर म्हणतो झोप पुरत नाही."

मास्तरांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग वेळ बरोबर आहे ना, असं टाइमकीपरला विचारलंसुद्धा.

वेळ बरोबर होती. उद्या मंगळवार, मास्तरांची दुसरी पाळी. सराव सकाळी पावणेसहाला, वर्कशॉपमागच्या मैदानावर. कंडक्टरची पहिली गाडी सात वाजून दहा मिनिटांनी सुटते.