मेथीचं कव्हर

आमच्या आसेगावच्या शाळेत मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवतो आणि रुख्मिणी अकरा वर्षं खिचडी शिजवते. या अकरा वर्षांत मी तिच्याशी रोज एकच वाक्य बोललो, "रुख्मिणी, चहा आण."

ती चित्रं काढते हे मला गेल्या वर्षी कळलं. कप ठेवताना तिच्या काखेतली वही खाली पडली. आत पंगतीला बसलेल्या पोरांचे चेहरे होते, चुलीच्या कोळशानं काढलेले. एकेक पोरगं ओळखू येत होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"मले कधी सांगतलं काहून नाही?" मी ओरडलो.

"तुमी इचारलं कुठी, सर?"

त्याच महिन्यात रिसोडच्या एका वसतिगृहाची जाहिरात आली. मुलींना हस्तकला शिकवायला निदेशिका हवी होती. बारावी पास चालणार होती, पण स्वतःचं आर्ट जर्नल, म्हणजे चित्रवही, हवं आणि त्याचं कव्हर 'मिक्स मीडिया कोलाज'नं सजवलेलं हवं. अर्ज मीच भरला. सही करताना रुख्मिणी म्हणाली, "सर, मले एकदा कोनी मॅडम म्हनलं पायजे." पगाराचं तिनं विचारलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी ती कव्हर घेऊन आली. जाड, खडबडीत पुठ्ठा आणि त्याला मेथीचा उग्र वास.

"हे काय?"

"मिक्स मीडिया. मीडिया म्हंजे पेपरवालेच ना? मराठी पेपर घेतला, हिंदी घेतला, मंगरुळपीरहून उर्दू आनला. सगळे भिजवून मिक्स केले." तिची आई कागदाच्या लगद्यात मेथी वाटून टोपल्या करायची, तसाच तिनं पुठ्ठा थापला होता.

मी पोट धरून हसलो. मग समजावलं, की इथं मीडिया म्हणजे साधनं. कापड, दोरा, रंग, काहीही. वर फुकटचा सल्लाही दिला, "तांदूळ, तूरडाळ, मसूर चिकटव. नक्षी झकास दिसते, परीक्षक खूश."

तिचा चेहरा कडक झाला. "खायची वस्तू चिटकवाची नाही, सर. ते मी पोरायले वाढतो."

"मग बस घरी!" मी म्हणालो. माझं तोंड असंच आहे.

ती घरी बसली नाही. त्याच पुठ्ठ्यावर तिनं तांदळाच्या रिकाम्या पोत्याचं मोठं गंज, म्हणजे खिचडीचं पातेलं, शिवलं. आईच्या निळ्या लुगड्याच्या काठाची चूल केली. शाळा झाडताना सापडलेली पोरांच्या शर्टाची बटणं खाली ओळीनं टाकली, ती झाली पंगत. आणि गंजातून वर निघालेली वाफ म्हणजे पेपरच्या कापलेल्या पट्ट्या, तीन लिप्यांतली अक्षरं एकमेकांत मिसळलेली. त्यात खोट काढायला मला जागाच सापडली नाही. मेथीच्या वासाबद्दल मात्र बोललोच.

जर्नल पंधरा दिवस आधी जमा करायचं होतं. मुलाखतीच्या दिवशी मी तिच्यासोबत रिसोडला गेलो. वसतिगृहाच्या बाईंनी कपाट उघडलं आणि आतून उंदीर पळाला. पाच जर्नलं होती. चार जणींनी डाळ-तांदळाची नक्षी केली होती, उंदरांनी ती कोपऱ्यांसकट फस्त केली होती. रुख्मिणीचं कव्हर जसंच्या तसं होतं.

"याला कसं काही झालं नाही?" बाईंनी विचारलं.

"मेथी हाये, मॅडम. उंदराले कडू लागते."

बाई शरमल्या. म्हणाल्या, चूक आमची आहे, सगळ्यांना दोन तास देते, दुरुस्त करा, मग बघू. रुख्मिणीला दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मी व्हरांड्यातून खुणावत होतो, गप बस! पण ती उठली आणि त्या चौघींतली एक रडत होती, तिच्याजवळ जाऊन मांडी घालून बसली. "रडतं कायले? खाल्लेल्या जागी कापड लाव. सुई अशी धर." थोड्या वेळात चौघीही तिच्याभोवती होत्या, आणि वसतिगृहाच्या मुलीसुद्धा दारात गोळा झाल्या. मी कपाळाला हात लावला. बाई मात्र खुर्ची ओढून बघत राहिल्या.

दोन तासांनी त्यांनी चौघींची जर्नलं पाहिली, मग रुख्मिणीचं पान न् पान पाहिलं. "शिकवून दाखवा, असं मी शेवटी सांगणार होते," त्या म्हणाल्या. "ते तर झालंच. पुढच्या महिन्यात रुजू व्हा." चौघींपैकी एकीनं टाळी वाजवली, आधी रडत होती तीच.

परतीच्या एसटीत रुख्मिणी जर्नल मांडीवर घेऊन बसली. माझी छाती मात्र अशी फुगली होती, जणू नोकरी मलाच लागली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती नेहमीसारखी स्टाफरूमच्या दारात आली, चहा विचारायला. मी खुर्चीवरून उठलो.

"या, मॅडम, बसा. चहा मी ठेवतो."

तिनं मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागं कोणीच नव्हतं.