अल सद्दमध्ये टायलरची वाट पाहताना

सर्व संबंधितांना, विशेषतः नाशिकच्या आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की टायलर नावाच्या एका अमेरिकन मुलाने कुठल्या कॉलेजात जायचं हे गेल्या एप्रिलमध्ये अजून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे कतार देशी, दोहा शहरी, अल सद्द भागात, माझ्या धाकट्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये आणीबाणी लागू झाली होती. मी गंमत करत नाही. मी ती डोळ्यांनी पाहून आलो.

विमानतळावर न्यायला श्रीकांतराव, म्हणजे माझे मेहुणे, आले होते. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि एप्रिलच्या उन्हाने तोंडावरून इस्त्री फिरवली. प्रवास कसा झाला, हे विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "दादा, बॅग मागे टाका. टायलरची आई काल आपल्या बाजूने बोलली."

"अरे वा," मी म्हणालो. टायलर कोण आणि आपली बाजू कुठली, मला काहीच ठाऊक नव्हतं. पण पाहुण्याने आल्या आल्या यजमानाचा हिरमोड करू नये.

वाटेत त्यांनी एका चहाच्या दुकानासमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला. इथे चहासाठी कोणी खाली उतरत नाही, चहाच खिडकीशी येतो. त्याला करक (आटवलेल्या दुधाचा, वेलची घातलेला चहा) म्हणतात. तो येईपर्यंत मला सगळा मामला समजावण्यात आला. श्रीकांतराव तरुणपणी अमेरिकेत ज्या कॉलेजात शिकले, त्याचा फुटबॉलचा संघ आहे. हा फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात. का, ते विचारायचं नाही. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. चेंडू आधी त्याच्याकडे येतो आणि पुढे कोणाकडे फेकायचा हे तो ठरवतो. तो चांगला मिळाला तर संघ तरला.

"म्हणजे टायलर तुमचा क्वार्टरबॅक."

"अजून नाही. तो शाळेत आहे. चार कॉलेजं त्याच्या मागे आहेत."

"आणि तुमच्याकडे आला की लगेच खेळणार?"

"छे. पहिलं वर्ष बहुधा बाकावर बसेल."

मी करकचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

घरी मंगलने, माझ्या बहिणीने, मला थेट स्वयंपाकघरात ओढलं. "दादा, तुला काही पाहुणचारासाठी बोलावलेलं नाही. ऋचाशी बोल." ऋचा म्हणजे तिची मुलगी, माझी भाची, नुकतीच बारावी झालेली. वडिलांच्या त्याच अमेरिकन कॉलेजात तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. होकार कळवायची मुदत रविवारी संपत होती आणि पोरगी होकारही देत नव्हती, कारणही सांगत नव्हती. "मला फक्त 'आय एम फाइन' म्हणते. ह्यांनी तर तिथलं हॉस्टेलसुद्धा निवडून ठेवलंय."

"आणि श्रीकांतरावांनी तिला विचारलं?"

"ह्यांना कुठे वेळ आहे? टायलर चाललाय ना."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा. आम्ही मेसईदकडे निघालो. श्रीकांतराव तिथल्या कारखान्यात काम करतात. चिमण्या आणि बंदर मागे पडलं की वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि त्यांच्या पायथ्याशी समुद्र. हे दृश्य माझ्या डोक्यात नीट बसेना. वाळवंट आणि समुद्र यांनी आधी आपसांत काहीतरी ठरवून घ्यायला हवं होतं. बरोबर त्याच कॉलेजात शिकलेले दोघे होते: डेल नावाचे साठीचे अमेरिकन इंजिनिअर आणि कोट्टयमचे जोसेफ, बँकेतले. तिघांच्या टोप्या एकाच रंगाच्या, नारिंगी. चौथी माझ्या डोक्यावर चढवण्यात आली.

"यल्ला (चला)," म्हणत जोसेफनी गाडी टेकडीवर घातली आणि ती निम्म्यावर रुतली. मग तिघे खाली उतरून चाकांखालची वाळू उपसू लागले आणि उपसता उपसता बोलू लागले.

"उजवा गुडघा पूर्ण बरा आहे. त्याच्या डॉक्टरची मुलाखत ऐकली मी," श्रीकांतराव म्हणाले.

"पण त्याची मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात निघाली आहे," जोसेफ म्हणाले.

"टिकणार नाही ते," डेल म्हणाले. "आईला मुलगा घराजवळ हवा आहे. आपण जवळ आहोत."

मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं. मुलाची उंची, तब्येत, आईचा स्वभाव, आधीचं कुठलं प्रकरण... आमच्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते. मी म्हणालो, "श्रीकांतराव, समजा त्याने होकार दिला आणि नंतर फिरवला?"

"तसंही करतात. तेच तर भय आहे, दादा."

"साखरपुड्यानंतर?"

"अगदी."

मी मान हलवून सहानुभूती व्यक्त केली आणि ऋचाबरोबर टेकडी चढू लागलो.

वर पोचल्यावर ती गुडघे टेकून बसली आणि तिने मूठभर वाळू हळूच उतारावरून सोडली. "मामा, ऐक." मी कान दिला. आधी काही नाही, मग खालून विमान जावं तशी घरघर आली. वाळू बोलत होती. मी घाबरून दोन पावलं मागे सरलो.

"दिस इज फ्रिक्शन, मामा. दाणे एकमेकांवर घासतात. पण सगळीच वाळू असं करत नाही. व्हाय दिस वन? मला तेच शिकायचंय. जिऑलॉजी." मग तिने एका दमात सांगितलं. पुण्यातल्या एका कॉलेजच्या बाईंशी ती मार्च महिन्यापासून फोनवर बोलत होती. बाई वाळूवर काम करतात. त्यांनी तिला ये म्हणून सांगितलंय. तिला जायचंय.

"मग बाबांना सांग."

"बाबांना वाईट वाटेल. ही इज सो हॅपी अबाउट दॅट कॉलेज." ती खाली बघत होती. खाली तिचा बाप नारिंगी टोपी घालून दुसऱ्याच्या मुलासाठी वाळू उपसत होता. "तू सांगशील?"

मी हो म्हणालो. संध्याकाळी टायलर आपला निर्णय जाहीर करणार होता. तो आपल्याकडे आला की सगळे खुशीत असतील आणि तेव्हाच सांगायचं, असा माझा बेत. आयुष्यात एवढा चतुर बेत मी क्वचितच केला असेल.

संध्याकाळी अल सद्दच्या हॉलमध्ये सगळे जमले. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. मंगलने साबुदाणा वडे तळले होते, जोसेफनी मजबूसचं (मसाल्यात शिजवलेला मटण-भात) मोठं पातेलं आणलं होतं. टीव्हीवर एका शाळेचं व्यायामगृह दिसत होतं. टेबलामागे एक उंच, तोंडावर मुरुमं असलेला, घाबरलेला मुलगा. एका बाजूला आई. टेबलावर चार टोप्या, चार कॉलेजांच्या. जी टोपी डोक्यावर चढेल, ते कॉलेज.

"असं टोपी घालून सांगतात?" मी विचारलं.

"श्श," तिघे एकदम म्हणाले.

मुलाने देवाचे आभार मानले, प्रशिक्षकांचे मानले. त्याचा हात नारिंगी टोपीवर आला. डेलनी डोळे मिटले. हात तिथून उठला, टेबलाखाली गेला आणि एक पाचवीच टोपी घेऊन वर आला. निळी. कुठल्यातरी लहान, कोणाच्या चर्चेतही नसलेल्या कॉलेजची. त्याची आई त्याच्याकडे अशी बघत राहिली, की तिलाही हे आत्ताच कळतंय हे दिसत होतं.

हॉलमध्ये सुतक पसरलं. "खलास (संपलं)," जोसेफ म्हणाले.

आता खुशीचा मुहूर्त टळला होता, हे मलाही समजत होतं. पण ऋचा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि रविवार लांब नव्हता. मी घसा साफ केला. "श्रीकांतराव, आणखी एक जण तुमचं कॉलेज सोडून दुसरीकडे चाललंय."

"कोण? तो ओहायोचा बचावफळीतला गडी?"

"ऋचा. पुण्याला."

मंगलच्या हातातली चटणीची वाटी तशीच राहिली. डेलना मराठी येत नाही, त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" जोसेफनी, ज्यांना मराठी निम्मीच येते, निम्मंच सांगितलं. डेल काळजीत पडले. "पुणे? ते आपल्या गटात खेळतात?"

श्रीकांतराव ऋचाकडे वळले. "कधीपासून?"

"मार्चपासून, बाबा." ती चक्क मराठीत बोलली.

"शिकायचं काय?"

"वाळू."

ते उठून गॅलरीत गेले. मीही मागोमाग गेलो, कारण हा गोंधळ मीच घातला होता. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. ते तीच बघत होते. मग म्हणाले, "दादा, त्या पोराच्या गुडघ्यावर कोणी शस्त्रक्रिया केली, ते मला माहीत आहे."

रविवारी अमेरिकेला नकार गेला. तो ऋचाने कळवला आणि वडील शेजारी बसून होते, एवढं मंगलने मला सांगितलं. मला विमानतळावर सोडताना श्रीकांतरावांनी वाटभर माझी उलटतपासणी घेतली. त्या बाई कोण, किती वर्षं शिकवतात, मुलींना वाळवंटात नेतात का, मेसमध्ये पोळी मऊ असते का. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. तरी मी सगळी दिली.

नाशिकला परतल्यावर कट्ट्यावरच्या मंडळींनी विचारलं, कतार कसं आहे? मी सांगितलं, तिथे वाळू बोलते आणि माणसं हाताने फुटबॉल खेळतात. कोणाचा विश्वास बसला नाही. मी तरी कुठे नीट समजून आलो आहे? एवढंच कळलं, की माणूस हजारो मैलांवरच्या पोराचं मन ओळखायला बसतो तेव्हा त्याला फार मजा येते, आणि जेवायला समोर बसणाऱ्याचं मन ओळखायला त्याची छाती होत नाही.

पावसाळा सरताना श्रीकांतराव ऋचाला सोडायला पुण्यात आले. मी नाशिकहून गेलो. दगडांनी भरलेल्या एका खोलीत त्या बाई भेटल्या, बुटक्या, चष्मेवाल्या, हातांना माती. त्यांनी ऋचाला नावाने हाक मारली आणि पहिल्याच दमात विचारलं, "तुझी ती बोलणारी वाळू आणलीस का?" ऋचाने पिशवीतून बरणी काढली. दोघी तिच्यावर वाकल्या आणि आम्हाला विसरून गेल्या. श्रीकांतराव दारात उभे होते. नमस्कार, ओळख, आभार, सगळं त्यांनी वाटेत घोकून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर न बोलता ते भर खोलीत, सगळ्या विद्यार्थ्यांदेखत ऋचाकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला ही सापडली कशी? ही तर आमच्याच घरात होती."