तिसऱ्या युगातले साडू

माणसं भाड्याच्या घरात राहतात, स्वतःच्या घरात राहतात, नशीब फिरलं तर लेकाच्या घरात राहतात. पण पत्ता अकोल्याचा आणि मुक्काम सृष्टीच्या तिसऱ्या युगात, असा माणूस मी उभ्या वऱ्हाडात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढलेली. साखळी, होकायंत्र आणि हद्दीचे दगड घेऊन तेल्हाऱ्यापासून धारणीपर्यंत शेतं मोजली, बांधावर उभं राहून भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या, आणि एक दिवस नारळ-शाल घेऊन घरी आले. लेकीनं हौसेनं एक टॅब पाठवला, नातवाचे फोटो बघायला. नातवाचे फोटो दोन दिवसांत बघून झाले. तिसऱ्या दिवशी टॅबवर कुठल्याशा गेमची जाहिरात आली. तीत पांढऱ्या दाढीचा एक चिनी साधू डोंगराच्या टोकावर उभा होता आणि त्याच्या हातात होतं होकायंत्र. बस्स. साडूंनी ते होकायंत्र पाहिलं आणि ते आमच्या हातून गेले.

तो गेम काय आहे हे मला चार वर्षांत समजलं नाही, हे आधीच कबूल करतो. मी आयुष्यभर अमरावतीच्या पोरांना मराठी शिकवलं, अलंकार आणि वृत्तं पाजली. पण हे प्रकरण माझ्या डोक्यावरून गेलं. त्यांनी समजावून सांगितलं नाही असं मुळीच नाही. उलट इतक्या वेळा सांगितलं की जे थोडंफार कळलं होतं तेही निसटलं. नऊ डोंगर आहेत म्हणे. त्यांच्या पोटातून एक अजगर गेलाय, पण तो अजगर नाही, जमिनीचा श्वास आहे. तो कुठं अडला ते साधूनं होकायंत्र लावून शोधायचं, एखादा दगड हलवायचा, एखादं झाड लावायचं, पाण्याला वाट करून द्यायची, की युग पुढं सरकतं. युगं एकंदर पाच. "यात मारामारी कुठं आहे?" मी विचारलं. "छ्या! मारामारी कायची गुरुजी? हे ताओ हाय. ताओ म्हंजे वाट." "कुठं जाणारी?" "कुठीच नाई. न करता करनं, हे त्याचं मूळ हाय." त्यावर स्वयंपाकघरातून ताई, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाई, म्हणाल्या, "ते तर लग्न झालं तवापासून करूनच राह्यले. त्याले टॅब कायले पाह्यजे?"

ताईंचा राग खरं तर त्या साधूच्या वाहनावर होता. साडूंचा साधू पायी चालत नसे, रेड्यावर बसून डुलत डुलत जाई. ताईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातातली पोळी तव्याऐवजी ओट्यावर पडली. "माय वं! यमाचं वाहन घरात आनून ठेवलं या मानसानं!" साडूंनी शांतपणे सांगितलं की चिनात यम वेगळा असतो, हा रेडा ज्ञानाचा आहे. ताईंचं समाधान झालं नाही. त्या दिवसापासून देवघराच्या खोलीत टॅबला मज्जाव झाला आणि संध्याकाळी दिवा लावताना रेड्याला माजघरात थांबावं लागे.

त्यांचं बोलणंही हळूहळू तिकडचंच होत गेलं. आपण मागच्या महिन्यात म्हणतो, ते मागल्या युगात म्हणत. गॅसचं सिलिंडर कधी आणलं असं ताईंनी विचारलं, की "दुसऱ्या युगाच्या शेवटी" असं उत्तर येई, आणि ताई बिचाऱ्या कॅलेंडर घेऊन हिशेब लावत बसत. तिसऱ्या युगात तर ते दोन वर्षं अडकून पडले. पाण्याचा एक झरा वळेना. मी सहज फोन करून तब्येत विचारली, तर म्हणाले, "तब्येत बरी हाय, पन सातव्या डोंगराचं काई खरं नाई." मी अर्धा दिवस हा सातवा डोंगर म्हणजे कसला आजार, याचा विचार करत होतो.

एकदा ते आमच्याकडं अमरावतीला आठ दिवस राहायला आले. पाय धुतले न धुतले तोच पिशवीतून खात्याच्या वेळचं होकायंत्र काढून घरभर फिरले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. "गुरुजी, फ्रीज म्हंजे पानी. गॅस म्हंजे आग. दोघाईले आमोरासमोर उभं करून भांडन लावून राह्यले तुमी!" मी म्हटलं, भाऊजी, बावीस वर्षं दोघं गुण्यागोविंदानं आहेत. त्यांनी ऐकलं नाही. माझ्याच मदतीनं माझा फ्रीज बैठकीत आणला. आठ दिवस आल्यागेल्याच्या देखत आमची ही बैठकीत येऊन दूध आणि उरलेली भाजी काढत होती. मी त्यांना खूश करायला बाजारातून तो पोट सुटलेला हसरा पुतळा आणला, तर भयंकर चिडले. "हे का फेंगशुई हाय? फेंग म्हंजे वारा, शुई म्हंजे पानी. बाकी सारी दुकानदारी!" तेल्हाऱ्याच्या एका लग्नात याहून कहर झाला. पंगत पश्चिमेकडं तोंड करून बसवली होती. साडूंनी होकायंत्र पाहिलं आणि ते एकटेच उलटे बसले. समोर मांडवाचं कापड, पाठीमागून वाढपी. कढी पाठीवरून आली तरी हा गृहस्थ वळला नाही.

तर अशा माणसाला तिकडं एक सोबती होता. या गेममध्ये म्हणे बोलता येत नाही, लिहिता येत नाही. साधूंचं मौन असतं. फक्त खुणा करता येतात: वाकून नमस्कार, हात हलवणं, शेजारी बसणं, असल्या चारदोन. जगाच्या पाठीवरचा कुणीतरी दुसरा माणूस आपला साधू घेऊन हिंडत असायचा. हा साधू बगळ्यावर बसे, म्हणून साडू त्याला बगळेबुवा म्हणत. तो पुरुष की बाई, चीनचा की चिखलदऱ्याचा, काही पत्ता नाही. रोज दुपारी चार वाजता नदीकाठी दोघं शेजारी बसत. "मग करता काय?" मी विचारलं. "काई नाई. बसतो." ते त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं की मला पुढं विचारवेना.

मी या सगळ्याची टिंगल करत असे. पण मागच्या वर्षी ताईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, साडू बारा दिवस दवाखान्यातून हलले नाहीत. तेराव्या दिवशी घरी येऊन त्यांनी टॅब उघडला, तर त्यांच्या साधूच्या झोपडीपुढं बारा दिवे ओळीनं लावलेले. रोज एक. बगळेबुवा रोज येऊन, हा नाही असं पाहून, एक दिवा लावून गेला होता. साडूंनी मला लगेच फोन केला. फोनवरच बारा दिवे एकेक करून मोजून सांगितले. चौतीस वर्षांत खात्यातल्या एकाही माणसानं मी कुठं गेलो म्हणून विचारलं नाही, असं म्हणाले. त्या दिवसापासून मी टिंगल बंद केली. समजलं मात्र काहीच नव्हतं.

आणि मग यंदा उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "गुरुजी, जग संपून राह्यलं. येत्या रविवारी, दुपारी दोन वाजता. येता का?" आमच्या हीनं शेजारून ऐकलं आणि तिचा हात छातीवर गेला. भाऊजींना काय झालं म्हणून ती ताईंना फोन लावायला धावली. ताईंनी सांगितलं की त्यांना काही झालेलं नाही, तो मेला गेम बंद होतोय. चालवणाऱ्या कंपनीनं तसं कळवलंय. पण जेवण सुटलंय त्यांचं, तुम्ही या.

आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरून रविवारी सकाळी अकोल्यात उतरलो. साडूंनी आंघोळ करून निवृत्तीच्या दिवशीचा पांढरा शर्ट घातला होता. टॅब पाटावर ठेवला होता, आणि तो पाट, मी डोळे चोळून पाहिलं, देवघराच्या खोलीत होता. ताईंनीच मांडून दिला होता. साडूंना एकच गोष्ट हवी होती. दोन वाजायच्या आत बगळेबुवाला समोरासमोर शेवटचा नमस्कार करायचा. पुढं ना नाव ना गाव, पुन्हा गाठ पडणं नाही. नदीकाठी शेवटच्या दिवशी जत्रा लोटणार, तिथं एकमेकांना शोधणं अशक्य. म्हणून त्यांनी एकांतातली जागा ठरवली होती, उत्तरेचा शेवटचा डोंगर. ते कळवायचं कसं? तर प्रत्येक झोपडीबाहेर एक पाटी असते, तिच्यावर अक्षरं उमटत नाहीत, नुसते ठिपके देता येतात. साडूंनी बगळेबुवाच्या पाटीवर नऊ डोंगरांचे नऊ ठिपके मांडले, तीन-तीनच्या तीन ओळी, आणि वरच्या ओळीतल्या मधल्या ठिपक्याभोवती गोल केला. दुसऱ्या दिवशी त्या गोलाशेजारी एक दिवा लागलेला होता. म्हणजे समजलं. येतो.

दीड वाजला. साडूंचा साधू रेड्यावर बसून उत्तरेच्या डोंगरावर उभा. आजूबाजूला बर्फ, चिटपाखरू नाही. एक पस्तीस झाले. साडू टॅबचा नकाशा उघडून बघत, बंद करत, पुन्हा उघडत. तेव्हा ताईंनी विचारलं, "अवो, नकाशा पाह्यतानी तो टॅब उलटा काहून धरता?"

"अवं, या लोकाईच्या नकाशात दक्षिन वर असते. जुनी चिनी रीत हाय त्याइची. मले कसं चालंन? म्हून मी पहिल्या दिवसापासून उलटाच..." आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मला अर्थातच काही कळलं नाही. पण ताईंनी कपाळावर हात मारला.

"त्या पाटीवर तुमी उत्तर कुठी दाखवली?"

"वर," साडू म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "चौतीस वर्षं वरच दाखवून राह्यलो ना मी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बगळेबुवानं पाटी त्या गेमच्या रीतीनं वाचली असणार. त्याच्या लेखी वर म्हणजे दक्षिण. तो बिचारा जगाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेच्या डोंगरावर, वाट बघत उभा असणार. आणि या टोकापासून त्या टोकाला जायला रेड्याला पाऊण तास लागतो. एक चाळीस झाले होते.

साडूंनी नकाशा बंद केला. मग त्यांनी चार वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. साधूला रेड्यावरून उतरवलं आणि पळवलं. साधूनं पळायचं नसतं म्हणे. पळालं की साधना उतरते. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्या चार वर्षांच्या साधनेची सोनेरी पट्टी होती, ती बघता बघता आटायला लागली. "जाऊ द्या," साडू म्हणाले, "आता कायले ठेवाची?" दाढी उडवत तो म्हातारा डोंगर उतरतोय, रान तुडवतोय, झऱ्यांवरून उड्या मारतोय. ताई गुडघ्यावर बसून ओरडत होत्या, "पळवा! अवो, पळवा ना!" आमची ही मोठ्यानं रामरक्षा म्हणत होती. आणि मी हातातल्या घड्याळाकडं बघून मिनिटं सांगत होतो, कारण मला तेवढंच येत होतं.

एक मिनिट उरलं तेव्हा साधू जेमतेम मधल्या नदीवर पोचला होता. जत्रा कधीच ओसरली होती. नदीवर दाट धुकं. पुढं पाणी, आणि पलीकडच्या काठावर काहीतरी पांढरं. माणूस असेल, बगळा असेल, खडक असेल, धुकंच असेल. बगळेबुवालाही उशिरा हा घोटाळा उमगून तोही इकडं निघाला असेल का? साडूंनी नमस्काराची खूण दाबली. इकडचा म्हातारा कमरेत वाकला, पार जमिनीपर्यंत. आणि पडदा काळा झाला.

मग साडूंनी माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, वाकला ना तो? त्या काठावरून वाकला ना?"

आता खरं सांगतो. मी पाहिलंच नव्हतं. त्या शेवटच्या क्षणी मी पडद्याकडं बघत नव्हतो, साडूंच्या तोंडाकडं बघत होतो. इतक्या आशेनं कशाकडं तरी बघणारं माणूस मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "वाकला. स्वच्छ वाकला, भाऊजी." ताईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "मीबी पाह्यलं." साडूंनी मान हलवली, टॅब पुसून ठेवला आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

परतीच्या गाडीत हीनं मला विचारलं की खरंच काही दिसलं का. मी नाही म्हणालो. तिनंही काही पाहिलं नव्हतं, तिचे डोळे मिटलेले होते. आणि ताईंनी निघताना तिच्या कानात सांगितलं होतं की त्यांना चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही.

तीन महिने झाले. साडू आता ताईंबरोबर सकाळी फिरायला जातात, भाजी आणतात, युगांची भाषा बोलत नाहीत, आणि मला ते जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. पण अधूनमधून दुपारी चारच्या सुमारास त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतात आणि शेवटी विचारतात, "गुरुजी, वाकला होता ना तो?" मी हो म्हणतो. दर वेळी थोड्या जास्त खात्रीनं म्हणतो. आणि हल्ली हो म्हणताना मला ती नदी, ते धुकं आणि पलीकडच्या काठावर सावकाश वाकणारं कोणीतरी अगदी स्पष्ट दिसतं.