वीतभर उंच
काल अंगणात ग्रीसचा वास आला आणि मला येरमाळ्याचं हायवेवरचं ते गॅरेज आठवलं. तरुणपणी, नवी पिकअप रुबाबदार दिसावी म्हणून मी स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून ती वीतभर उंच केली होती, आणि तेव्हापासून जरा पळवली की स्टेअरिंग थरथरायचं, गाडी डावीकडं ओढायची. म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी गाडीखाली सरकून नुसत्या हातानं चाचपलं. "बेटा, गाडी वर चढली, स्टेअरिंगचा रॉड तिरपा झाला. ठोकळे काढ, न्हायतर कुणाचा तरी जीव घेशील." मी लई चरफडलो, पण काढले. गाडी परत चारचौघींसारखी झाली. दुसऱ्या दिवशी वाशीच्या बाजाराला निघालो, तर चार महिने "तू हो पुढं, मी येष्टीनं येतो" म्हणणारे वडील दार उघडून शेजारी बसले. मला वाटायचं, त्यांना माझं चालवणंच पसंत न्हाय. दुखऱ्या गुडघ्याचं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. काल पोरानं त्याची पिकअप तशीच उंच करून दारात आणली. "बसा की," म्हणाला. मी पायरीकडं बघितलं आणि म्हणालो, "तू हो पुढं, मी येष्टीनं येतो."