भालेरावांच्या नावानं गेलेली मेल

भालेराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात पंगतीला बसून समोरच्या आठ जणांना हसवत होतो. गोष्ट ऐन रंगात होती, म्हणून फोन तसाच खिशात टाकला. जिलबी संपल्यावर उलट फोन लावला. पलीकडे त्यांची मुलगी प्रज्ञा. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली... त्या क्षणी मनात काय आलं ते लिहितो, कारण आज खरं लिहायचं ठरवलं आहे. दुःख नंतर आलं. आधी वाटलं, सुटलो. आता माझी वाट पाहणारं कुणी उरलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोथरूडच्या एका भाड्याच्या बंगल्यात बावीस माणसांची आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. सहा महिन्यांचा कोर्स करून मी इंजिनिअर झालो होतो आणि आईनं मला सदाशिव पेठेत आधीच अमेरिकेला पोचवलं होतं. भालेराव माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, सर्व्हरच्या खोलीचे राजे. तिथल्या एसीमुळे ते मे महिन्यातही हाफ स्वेटर घालत आणि बाहेर घाम पुसणाऱ्या आम्हाला विचारत, "काय हो, उकडतंय का?" मला त्यांनी फार माया लावली. काळ्या पडद्यावर नुसत्या आज्ञा टाइप करून मेल कशी पाठवायची, हे त्यांनीच शिकवलं. ऑफिसातली सगळी मेल 'रिले' नावाच्या मशीनकडे जाई आणि ते ती पुढे पाठवी. "घरातल्या माणसाला रिले काही विचारत नाही," ते म्हणाले. "पाठवणाऱ्याच्या जागी आपण लिहू ते नाव. म्हणून जपून लिहायचं."

असं कुणी सांगितल्यावर मी जपून वागेन, हे शक्यच नव्हतं. त्या वर्षी खडकवासल्यात पाणी कमी होतं आणि गुरुवारी शहराचं पाणी बंद असे. बुधवारी दुपारी मी काळ्या पडद्यावर भालेरावांचं नाव लिहिलं आणि खाली मजकूर: उद्या पाणी बंद असल्यानं सर्व्हर थंड ठेवण्यासाठी प्रत्येकानं घरून एक भांडं पाणी आणावं, झाकणासह. एकवीस जणांना पाठवली. दोघं-तिघं फसतील, एवढीच अपेक्षा होती.

गुरुवारी सकाळी चौदा जण आले! स्कूटरच्या पायाशी बादली, मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवर कळशी, एकजण तर दुधाची किटली घेऊन. मी खुर्चीत बसून आतल्या आत फुटत होतो. भालेराव खोलीतून बाहेर आले, दारापुढची रांग पाहिली. आलेली मेल त्यांनी अजून उघडली नव्हती, त्यामुळे नक्की काय झालंय ते त्यांना कळलं नव्हतं, पण कुणाला वाट मिळेना म्हणून ते भांडी बाजूला सरकवू लागले. ऑफिसातल्या एका बाईंची तांब्याची कळशी होती. भालेराव वाकले, तोच त्या म्हणाल्या, "अहो, अहो भालेराव! ती राहू द्या. देवाची आहे. मी ठेवते."

शेजारच्या माणसानं त्याच कळशीला हात लावून ती खिडकीपाशी नेली होती, त्याला त्या काही बोलल्या नव्हत्या. भालेराव बौद्ध आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते बोलत नसे. पाण्यासाठी त्यांच्या आजोबांच्या पिढीनं काय सोसलं, हे मी शाळेत धड्यात वाचलं होतं. मार्कही मिळवले होते. भालेरावांनी हात मागे घेतला आणि स्वेटरला पुसला... कोरडाच होता. मी मान खाली घालून कीबोर्डकडे पाहिलं.

तेवढ्यात मालक आले, सोबत अमेरिकेहून आलेले दोन पाहुणे. "भालेराव, हे काय?"

"पाणी, सर."

सगळे हसले. मालक हसले नाहीत. "मेल तुमच्या नावानं आहे."

"हो, नाव माझं आहे," भालेराव म्हणाले. त्या महिन्यात ते विभागाचे प्रमुख व्हायचे होते. झाले नाहीत. बाहेरून दुसरा माणूस आणला.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. "तुमच्या मशीनवरून गेली आहे. रिलेकडे नोंद असते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमचा व्हिसा व्हायचाय. मी सांगितलं तर तुम्ही चोर. तुम्ही सांगितलंत तर पोरकटपणा. ओरडतील आणि सोडून देतील. नोंद पंधरा दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. तोवर बघा."

बाराव्या दिवशी मी अमेरिकेच्या विमानात बसलो.

परत आलो ते त्यांच्याच घरी गेलो, पेढे घेऊन. पुढची वीस वर्षं जात राहिलो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मी मात्र पाण्याची ती गोष्ट शंभर बैठकांत सांगितली. दुधाच्या किटलीवर नेहमी टाळी पडे. कळशी गाळत असे.

विहारातल्या शोकसभेतही मी बोलायला उभा राहिलो आणि सवयीनं तीच गोष्ट सुरू केली. "ऑफिसात कुणीतरी एकदा..." लोक हसले. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी सुनंदाताई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वळवली. गोष्ट अर्धवट टाकून मी खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी घरी जाऊन ताईंना सगळं सांगितलं, कळशीसकट. त्या म्हणाल्या, "मला नवीन काय सांगताय? ती मेल गेली किती जणांना?"

"एकवीस."

"मग मला एकटीला का सांगता?"

त्या सगळ्यांचे पत्ते जमवायला चार दिवस लागले. प्रज्ञानं तिच्या बाबांचं मशीन सुरू करून दिलं. काळा पडदा आला. पाठवणाऱ्याच्या जागी मी माझं नाव लिहिलं, परतीचा पत्ता त्या मशीनचाच राहिला. मजकूर पाच ओळींचा, त्यात एकही विनोद नाही. यादीत एकविसावा पत्ता भालेरावांचा होता, त्या बंद पडलेल्या कंपनीतला. तोही घातला. कोथरूडहून दोघांचे फोन आले. कळशीवाल्या बाईंचं उत्तर अजून नाही.

पाच दिवसांनी प्रज्ञाचा फोन. "काका, बाबांच्या पत्त्यावरची परत आलीय. येता का?"

"पुसून टाक ना."

"बाबा परत आलेली मेल शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुसत नसत. का आली ते खाली लिहिलेलं असतं म्हणायचे."

गेलो. त्यांच्या खुर्चीवर बसून वाचली. वर माझं नाव. खाली लिहिलं होतं की पलीकडून कुणी उत्तर देत नाही, पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न केला, आता थांबत आहोत.

पाच दिवस. त्या घराच्या दारावर मी वीस वर्षं थाप मारत होतो, आणि दर वेळी दार भालेरावांनीच उघडलं होतं.