न बांधलेल्या ग्रंथालयाच्या पायऱ्या

मी चोर आहे, हे मला एका मंगळवारी दुपारी डबा खाताना कळलं. नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बसले होते आणि फोनवर लाल पट्टी आली: आपण चढवलेले चित्र प्रताधिकाराचा भंग करते, ते काढून टाकण्यासाठी सुचवले आहे. घास तोंडातच राहिला. ज्या बाईनं जन्मात कधी शेजारणीच्या कढीपत्त्याची काडी न विचारता तोडली नाही, तिला हे!

झालं होतं असं. कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा जो ऑनलाइन ज्ञानकोश आहे, त्यात मी फावल्या वेळात नागपूरबद्दल लेख लिहिते. यंदा विषय घेतला तो सक्करदरा तलावाकाठी होणार होतं आणि कधीच झालं नाही त्या ग्रंथालयाचा. जुनी कात्रणं मिळाली, लेख झाला. चित्र तर आमच्या घरातच होतं. माझे बाबा त्या काळी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. बांधून झाल्यावर ही इमारत कशी दिसेल, त्याचं मोठं चित्र त्यांनीच शाईनं काढलं होतं. पत्र्याच्या नळीत गुंडाळलेलं ते कपाटावर पडून असायचं. आम्हांला त्यांनी ते कधी उघडून दाखवलं नव्हतं.

या वर्षी त्यांनीच हट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, उरलीसुरली नजरही फार दिवस टिकायची नाही असं डॉक्टर म्हणतात. कागदावरचं बारीक काही दिसत नाही, पण फोनवर दोन बोटांनी मोठं केलं की थोडं दिसतं.

"ते तुह्या ज्ञानकोशात टाक वं," म्हणाले. "मोठं करून पाहीन म्हणतो."

मी म्हटलं, फोटो काढते, माझ्या फोनवरच बघा. तर नाही. "सगळ्याइनं पाहू दे, मंग मी पाहीन. लपूनछपून लई पाहिलं." म्हातारा माणूस काहीतरी बोलतो असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही. खिडकीजवळ चित्र पसरून फोटो काढला आणि चढवला. काम कोणाचं, असं फॉर्मनं विचारलं. फोटो मीच काढलाय, म्हणून बिनधास्त 'स्वतःचे काम' वर टिचकी मारली.

आणि आता ही लाल पट्टी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्यानं ती लावली त्या संपादकाशी मी चर्चापानावर चार दिवस भांडले. माझ्या बापानं काढलेलं चित्र, तू कोण विचारणारा? तो मात्र शांतपणे समजावत राहिला. फोटो तुमचा असला तरी नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क मालकाचा, म्हणजे त्या आर्किटेक्टचा किंवा त्यांच्या वारसांचा. पण इमारत अस्तित्वातच नाही, कोणी जाऊन तिचा फोटो काढू शकत नाही, म्हणून चित्र लहान आकारात ठेवता येईल. फक्त फॉर्म नीट भरा. त्यातला पहिला रकाना होता: चित्र कोठून मिळाले?

संध्याकाळी बाबांना विचारलं, "तुमच्या आर्किटेक्ट साहेबांनी तुम्हांला भेट दिलं होतं ना हे?"

"नाही."

"मग?"

"आणलं." पुढे म्हणाले, "न विचारता. छत्रीत गुंडाळून."

अरे बाप्पा! शाळेतून खडूचा एक तुकडा घरी आणला म्हणून भर उन्हात मला परत शाळेत चालवत नेणारा हा माणूस! म्हणजे चार दिवस माझ्याच चोराच्या उलट्या बोंबा चालल्या होत्या. मी खूप ओरडले. नको ते बोलले.

"काहून ओरडून राहिली?" ते म्हणाले. "काम रद्द झालं. साहेब म्हणे, शीटा कापा, मागच्या बाजूले कच्चं काम करू. मले ही कापवली नाही."

एवढंच. कागदाच्या एका तुकड्यासाठी! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. जेवण वाढायची आणि आत जायची.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "लिही त्याच्यात. न विचारता आणलं म्हणून लिही." साहेब वारले होते. त्यांच्या मुलीचा नंबर शोधला, तर बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सगळं स्वतः सांगितलं. मी तिथंच मान खाली घालून बसले. ती बाई म्हणाली, आमच्याकडे त्या ग्रंथालयाची एक रेघही उरलेली नाही काका, बरं झालं नेलंत, आता तुम्हीच ठेवा. लहान चित्र टाकायलाही हो म्हणाली.

फॉर्म भरला. दुसरे चित्र का मिळू शकत नाही, या रकान्यात मी लिहिलं: ही इमारत कधी बांधलीच गेली नाही, त्यामुळे हिचा दुसरा फोटो आता कोणीही काढू शकत नाही. नियमाप्रमाणे चित्र हाताच्या बोटाएवढं केलं. लाल पट्टी गेली.

रविवारी सकाळी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटं फाकवली, पुन्हा फाकवली. चित्र नुसतं धुरकट होत गेलं. त्यांचा चेहरा उतरला.

"तिले काहून पुसलं वं?"

"कोणाले?"

"तुह्या मायले."

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. घरात तिचा एकच फोटो, लग्नातला, आणि त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. मी घाईघाईनं माझा मूळ मोठा फोटो उघडला. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मुंगीएवढी माणसं चढत होती. अगदी खालच्या पायरीवर एक बाई नुसती उभी होती, एका पायावर भार टाकून. हातात डबा.

"रोज डबा घेऊन यायची," बाबा म्हणाले. "हापिसात वर नाही यायची, लाजायची. खाली पायरीपाशी उभी राहायची. खिडकीतून पाहून काढली. साहेबाले नाही सांगतलं."

मी दोन दिवस या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत होते. फोन त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं बोट धरून त्या पायरीवर नेलं. त्यांनी फोन पार नाकाजवळ नेला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हाव," म्हणाले. "उभी आहे."